गट जमला, पुढे काय?

शाळेच्या फलकावर विज्ञान प्रदर्शनाची सूचना लागते. मधल्या सुट्टीत सात-आठ जण एकत्र येतात, आपण काहीतरी मोठे करायचे असे ठरते, गटाला नाव दिले जाते आणि कुणीतरी वहीच्या पहिल्या पानावर ते नाव झोकदार अक्षरांत लिहूनही टाकते. पहिल्या रविवारी सगळे हजर असतात. दुसऱ्या रविवारी पाच. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत दोघे उरतात आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री त्यांपैकी एकाचे वडील पुठ्ठा कापत बसलेले असतात.

असे का होते? मुले आळशी असतात, हे उत्तर सोपे आहे, पण बहुधा खरे नसते. आलेल्या आठ जणांपैकी पाच जणांना आपण नेमके काय करायचे तेच कळलेले नसते. ज्याला काम माहीत नाही तो दोन वेळा येतो, इतरांच्या हाताकडे पाहतो आणि तिसऱ्या वेळी क्रिकेट खेळायला जातो. त्यात त्याचा दोष फारसा नाही. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, प्रकल्पात काय बांधायचे याचा विचार करण्यापूर्वी तो सुरू कसा करायचा याचा विचार करू. त्यासाठी विद्यार्थ्यांनीच केलेल्या एका फार मोठ्या उद्योगाकडे आधी पाहू आणि मग शाळेच्या छपराकडे वळू.

दहा सेंटिमीटरचा उपग्रह

१९९९ साली अमेरिकेतील दोन प्राध्यापकांपुढे एक अडचण होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकमधील जोर्दी पुइग-सुआरी हे ते दोघे. विद्यार्थ्यांना खराखुरा उपग्रह बनवायला द्यावा, अशी त्यांची इच्छा. पण उपग्रह जितका मोठा तितकी वर्षे जास्त. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि त्याचा उपग्रह अर्धाच राहतो. यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या काळात पुरा होईल एवढाच उपग्रह करायचा. ट्विग्ज यांनी दुकानात मिळणारी, बाहुली ठेवण्याची प्लास्टिकची चौकोनी पेटी घेऊन आकाराचा अंदाज बांधला आणि त्यातून १० सेंटिमीटर कडेचा, सुमारे १ किलोग्रॅम वस्तुमानाचा घनाकृती उपग्रह ठरला. त्यालाच 'क्यूबसॅट' म्हणतात. असे पहिले उपग्रह ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून अवकाशात गेले.

या गोष्टीत शिकण्यासारखे आहे ते हे, की आकार ठरला तो हाती असलेल्या वेळावरून. आपण बहुधा याच्या उलट करतो. आधी रोबो ठरवतो, आणि मग सहामाही परीक्षा आड आली म्हणून हळहळतो.

भारतातही विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवले. अण्णा विद्यापीठाचा ४० किलोग्रॅमचा 'अनुसॅट' २० एप्रिल २००९ रोजी गेला. कर्नाटक आणि आंध्रमधील सात महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा 'स्टुडसॅट' जुलै २०१० मध्ये गेला. त्याचे वस्तुमान १ किलोग्रॅमपेक्षाही कमी होते. महाराष्ट्राची पाळी २०१६ साली आली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जून रोजी पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाबरोबर गेला. त्या एका उड्डाणात वीस उपग्रह होते. त्यांतील मुख्य उपग्रह होता सातशे किलोग्रॅमहून अधिक वस्तुमानाचा आणि 'स्वयम्' होता अवघा एक किलोग्रॅमचा. त्यानंतर २६ सप्टेंबर रोजी मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा सुमारे दहा किलोग्रॅमचा उपग्रह पीएसएलव्ही-सी३५ बरोबर गेला.

'स्वयम्'चे उद्दिष्ट काय होते? हौशी रेडिओ-प्रेमींचा संदेश एका ठिकाणाहून घ्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी पोहोचवायचा, आणि त्याबरोबरच वीज न वापरता उपग्रहाची दिशा स्थिर ठेवता येते का ते पाहायचे. उपग्रह अवकाशात गरगर फिरत राहिला तर त्याच्या अँटेनाचे तोंड कुठेही होईल. ते आवरण्यासाठी 'स्वयम्'मध्ये कायम चुंबक बसवले होते. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळते, तसा सबंध उपग्रहच वळतो. पण सुई थांबण्यापूर्वी थोडी हेलकावते. उपग्रहाभोवती हवा नाही, मग त्याचे हेलकावे थांबणार कसे? त्यासाठी विशिष्ट मिश्रधातूच्या काड्या आत होत्या. त्यांचे चुंबकत्व पुन्हा पुन्हा उलटसुलट होताना थोडी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि हेलकावे मंदावतात.

याच कामासाठी 'प्रथम'मध्ये तारेची वेटोळी होती. त्यांतून हवा तेवढा विद्युत्प्रवाह सोडून उपग्रह वळवायचा. ही पद्धत अधिक नेमकी खरी, पण तिला संवेदक हवेत, गणकयंत्र हवे आणि मुख्य म्हणजे वीज हवी. दहा सेंटिमीटरच्या घनाला वीज किती मिळते ते पाहू. पृथ्वीजवळ अवकाशात प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १३६० वॅट शक्ती पडते. घनाची एक बाजू म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग. तिच्यावर पडणार साडेतेरा वॅट. चांगल्या सौरघटांनी त्याच्या पावपटीहून थोडी जास्त वीज मिळते, आणि सबंध बाजू घटांनी झाकता येत नाही. शिवाय सुमारे ९५ मिनिटांच्या प्रदक्षिणेत बराच वेळ उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. हाती सरासरी एक-दोन वॅट उरतात. घरात रात्री लावून ठेवतो त्या छोट्या दिव्यासारखाच हा हिशेब. एवढ्यात संदेशही पाठवायचे आणि उपग्रहही वळवायचा म्हटले तर ओढाताण होणार. काम स्पष्ट ठरले की काय सोडून द्यायचे तेही ठरते, ते असे.

उद्दिष्टात आकडे हवेत

आता शाळेत येऊ. समजा, नववीतल्या आठ जणांनी छपरावरचे पावसाचे पाणी साठवायचे ठरवले आहे. "पाणी वाचवा" हे घोषवाक्य झाले. त्यावरून नळ किती लांबीचा कापायचा ते कळत नाही. म्हणून पहिल्या बैठकीला मोजपट्टी, कागद आणि पेन्सिल एवढेच साहित्य आणायचे.

शाळेच्या एका खोलीचे पत्र्याचे छप्पर घ्या. त्याची जमिनीवरची सावली, म्हणजे वरून पाहिले असता ते जेवढी जमीन झाकते तेवढा भाग, १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. (पत्रा उतरता असल्यामुळे तो स्वतः याहून मोठा असतो, पण पाऊस मोजायचा तो झाकलेल्या जमिनीवरूनच.) क्षेत्रफळ झाले ७२ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे एक मिलिमीटर पावसाला या छपरावर ७२ लिटर पाणी पडते. काही उडते, काही पत्र्यावरच सुकते, काही पन्हळीतून सांडते. शंभरातले ऐंशी भाग हाती येतात असे धरू. उरले सुमारे ५८ लिटर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या हिशेबाने वर्षाचे चाळीस हजार लिटर होतात, आणि कोकणात तर त्याच्या तिपटी-चौपटीने.

हा आकडा पाहून आठही जण हरखून जातील. उन्हाळ्यात शाळेच्या बागेला पाणी द्यायचे, असे कुणीतरी सुचवेल. तेव्हा दुसऱ्या कुणीतरी विचारले पाहिजे, साठवणार कशात? आपल्याजवळ येऊन जाऊन २०० लिटरचे एक पिंप. ते साडेतीन मिलिमीटर पावसातच भरून वाहू लागेल. आणि बागेत चाळीस झाडे असतील व प्रत्येकाला पाच लिटर पाणी द्यायचे असेल, तर भरलेले पिंप एका दिवसात रिकामे! उन्हाळ्याची गोष्टच सोडा. मात्र पावसाळ्यात हेच पिंप पुन्हा पुन्हा भरत राहील. मग पावसाळ्यात रोज लागणारे, पिण्याव्यतिरिक्तचे पाणी कुठे लागते? स्वच्छतागृहात. बाग मागे पडली आणि स्वच्छतागृह पुढे आले. दहा मिनिटांच्या गुणाकाराने प्रकल्पाची दिशा बदलली. हा गुणाकार ऑगस्टमध्ये, पिंप विकत घेतल्यावर केला असता तर निम्मा गट तेथेच पांगला असता.

आता उद्दिष्ट असे लिहिता येईल : 'ज्या दिवशी ५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडेल, त्या दिवशी छपरावरून स्वच्छतागृहासाठी किमान २०० लिटर पाणी मिळावे, खर्च सहा हजार रुपयांच्या आत, १५ ऑगस्टपूर्वी चालू.' हे वाक्य वाचून प्रकल्प साधला की फसला हे तिऱ्हाईतालाही सांगता आले पाहिजे. ते येत नसेल तर वाक्य पुन्हा लिहावे. सर्वांनी त्याखाली सह्या कराव्यात. हा पोरखेळ वाटेल, पण महिन्याभराने कुणी "आपण यात सौरपंपही बसवू या" असे म्हणेल तेव्हा त्याला हेच वाक्य दाखवावे लागते.

सांधे आधी ठरवा

काम आठ जणांत वाटायचे कसे? पन्हळ आणि नळ तिघांकडे, पिंप व त्याखालचा विटांचा ओटा दोघांकडे, पहिले घाण पाणी बाजूला काढण्याची सोय दोघांकडे आणि उरलेला एक जण गटप्रमुख. कागदावर हे छान दिसते. घोटाळा होतो तो दोन कामे जिथे एकमेकांना भेटतात तिथे. सुतार त्याला सांधा म्हणतो. आपणही तोच शब्द वापरू.

ओट्याचेच पाहा. पिंपाच्या तळाशी तोटी बसवायची आणि तिच्याखाली बादली राहायला हवी. बादली पस्तीस-चाळीस सेंटिमीटर उंच, म्हणून ओटा ४५ सेंटिमीटरचा. पिंप सुमारे ९० सेंटिमीटर उंच. म्हणजे पिंपाचे तोंड जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर आले. पन्हळीच्या गटाला ओट्याचा पत्ताच नसेल तर ते ९० सेंटिमीटरचे पिंप जमिनीवर उभे आहे असे समजून नळ खाली आणतील. दोन्ही गटांचे काम आपापल्या जागी चोख, आणि जोडायला गेले तर नळ पिंपाच्या पोटाशी!

पहिल्या पाण्याचा सांधा याहून गमतीचा आहे. उघडीप पडली की पत्र्यावर धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा साचते. म्हणून पहिला एक मिलिमीटर पाऊस पिंपात जाऊ द्यायचा नाही असे ठरवले. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी एक उभा नळ खालून बुचाने बंद करून ठेवतात; पहिले पाणी त्यात भरते आणि तो भरला की पुढचे स्वच्छ पाणी पिंपाकडे वळते. आता आतून १० सेंटिमीटर व्यासाच्या नळात एका मीटरला किती पाणी मावते? वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा : ७८.५ चौरस सेंटिमीटर. गुणिले १०० सेंटिमीटर, म्हणजे ७.८५ लिटर. आपल्याला ५८ ते ७२ लिटर बाजूला काढायचे आहेत. त्यासाठी साडेसात ते नऊ मीटर नळ लागेल, आणि भिंतीची उंची आहे तीन मीटर! तेव्हा नळाऐवजी शंभर लिटरचे दुसरे छोटे पिंप हवे, किंवा थोड्या कमी स्वच्छ पाण्यावर समाधान मानायला हवे. यांपैकी काय करायचे ते त्या दोघांनी परस्पर ठरवून चालणार नाही. कारण दुसरे पिंप आले की ओटा वाढला, खर्च वाढला आणि नळाला एक फाटा वाढला.

म्हणून प्रत्येक सांध्यासाठी वहीचे एक पान राखावे. इकडून काय येणार, तिकडे काय जाणार, कोणत्या उंचीवर, किती व्यासाचे, कोणत्या एककात, हे सारे त्यावर लिहावे. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना विचारल्याशिवाय त्या पानावरचा आकडा कुणीही बदलायचा नाही. बाकी ओट्याच्या विटा आडव्या लावाव्यात की उभ्या, हे ओट्याच्या गटाने खुशाल आपले आपण ठरवावे.

'क्यूबसॅट'चे सारे यश याच युक्तीत आहे. घनाची कड १०० मिलिमीटर, फरक फार तर एक दशांश मिलिमीटरचा. उपग्रह ज्या पेटीतून अवकाशात सोडतात ती पेटी करणाऱ्याला आत कॅमेरा आहे की रेडिओ, याच्याशी कर्तव्य नसते. बाहेरचे माप पक्के असल्यामुळे आत प्रत्येकाला मोकळीक मिळते.

आणि एकक का लिहायचे? ११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेने मंगळाकडे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान पाठवले. यानाच्या छोट्या अग्निबाणांनी दिलेल्या ढकलीचे हिशेब एका गटाची संगणक-प्रणाली पौंडांच्या मापात देत होती आणि दुसरा गट ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरून चालला होता. एक पौंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन. नऊ महिने ही चूक थोडी थोडी साचत गेली. यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे, ते ५७ किलोमीटर इतक्या खाली घुसले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी कायमचे हरवले. दोन्हीकडची माणसे निष्णात होती.

माणसे किती आणि कोणती?

गटात दोघेच असतील तर बोलण्याची वाट एक. तिघे असतील तर तीन. पाच जणांत दहा, आठ जणांत अठ्ठावीस, आणि वीस जणांत तब्बल एकशे नव्वद! माणसांच्या संख्येला तिच्यातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने गुणा आणि दोनाने भागा, की हे आकडे मिळतात. हात वाढले म्हणून काम त्याच प्रमाणात लवकर होत नाही, ते यामुळे. संगणक-तज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली याहून पुढची गोष्ट सांगितली. रेंगाळलेल्या कामावर ऐनवेळी नवी माणसे घेतली तर काम आणखी रेंगाळते, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. शाळेतल्या प्रकल्पाला सहा ते आठ जण पुष्कळ झाले. वर्गातल्या चाळीसही जणांना घ्यायचे असेल तर एकाच प्रकल्पाचे चाळीस वाटेकरी करण्यापेक्षा पाच प्रकल्प करावेत.

गटप्रमुख कोण? माझ्या मते, पहिला नंबर काढणाराच असावा असे मुळीच नाही. ज्याला किंवा जिला "काल ठरलेले झाले का?" असे न चिडता रोज विचारता येते, ती व्यक्ती या कामाला योग्य. प्रमुखाने स्वतःकडे मोठे काम घेऊ नये. नाहीतर तो आपल्याच नळात गुंततो आणि सांध्यांकडे पाहायला कुणी उरत नाही. आणखी एक. मुलामुलींच्या गटात पुष्कळदा तक्ते रंगवणे आणि वही लिहिणे मुलींकडे जाते, आणि करवत नि पान्हा मुलांकडे. हे कुणी ठरवून करत नाही, आपोआप होते. म्हणून ते ठरवून मोडावे लागते. दर दोन आठवड्यांनी वही लिहिणारा बदलला की पुरे.

बैठक आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाची. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या : काय झाले, पुढे काय करणार, कुठे अडले. अडलेल्याची चर्चा ज्यांचा संबंध असेल त्यांनी नंतर करावी.

आधी काय, मग काय

घरी इडलीचा बेत असला की पीठ आदल्या दिवशी वाटून आंबायला ठेवावे लागते. चटणी ऐनवेळी वाटली तरी चालते. चटणी कितीही झटपट केली तरी इडली लवकर होत नाही. प्रकल्पातही असेच एक आंबवणाचे काम असते, आणि ते शोधून काढले पाहिजे. अमेरिकी नौदलाने १९५८ साली पोलॅरिस या क्षेपणास्त्राच्या प्रचंड कामासाठी अशा परस्परावलंबी कामांचे जाळे आखण्याची रीत तयार केली. आपल्याला त्यासाठी पाटी-खडू पुरतो.

आपल्या प्रकल्पात मजेचे काम नळ जोडण्याचे, आणि सगळे आधी त्याकडेच धावतात. पण ते एका दुपारचे काम आहे. वेळ खाणारी साखळी वेगळीच आहे. पिंप हाती आल्याशिवाय त्याचा घेर आणि उंची नक्की कळत नाही. ते कळल्याशिवाय ओटा बांधता येत नाही. भरलेल्या पिंपाचे ओझे दोनशे किलोग्रॅमहून अधिक, म्हणून ओट्याच्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारून पक्के होऊ द्यावे लागते. आणि ओटा पक्का झाल्याशिवाय पिंप चढवता येत नाही. तेव्हा गट जमल्यावर पहिल्याच आठवड्यात जुने पिंप मिळवायला निघावे. त्यात पूर्वी काय भरले होते हे विचारून घ्यावे; रसायनाचे पिंप नको. १५ ऑगस्टपासून मागे मोजत या आणि चाचणी परीक्षेचा आठवडा कोरा सोडा. सात दिवसांच्या कामाला सातच दिवस दिले आहेत असे दिसले, तर ते वेळापत्रक खोटे आहे असे खुशाल समजावे.

पावसाची वाट न पाहता चाचणी घेता येते. तासाला ३० मिलिमीटर या वेगाने जोराचा पाऊस पडला तर ७२ चौरस मीटरवर तासाला २१६० लिटर, म्हणजे मिनिटाला ३६ लिटर पाणी पडेल. १५ लिटरची एक बादली दर २५ सेकंदांना पन्हळीत ओतली, की तेवढाच पाऊस पडला असे झाले. पन्हळ ओसंडते का, कुठल्या सांध्यातून गळते, पिंप भरल्यावर जादा पाणी भिंतीत मुरते का, हे पाच मिनिटांत कळते. पहिली चाचणी फसते. त्यासाठीच ती लवकर घ्यायची. अवकाशात गेलेल्या उपग्रहाचा सैल स्क्रू घट्ट करायला कुणी जाऊ शकत नाही. म्हणून तो जमिनीवरच हादरवून, तापवून आणि निर्वात पेटीत ठेवून पाहतात. आपल्या पन्हळीला निदान चार बादल्यांचा मान द्यायला हरकत नाही.

शिक्षकांना येथे एक विनंती. छपरावर विद्यार्थ्याने चढायचे नाही. पत्र्यावरचे काम अनुभवी कारागिराने करावे आणि मुलांनी खालून मापे सांगावीत. शिडीवरून बादली ओततानाही मोठ्या माणसाने जवळ असावे. खर्चाची परवानगी आणि मुख्याध्यापकांची सही ही कामेही वेळापत्रकात लिहावीत. त्यांनाही आंबवणासारखा वेळ लागतो. एरवी, मुलांचा ओटा दोन सेंटिमीटर वाकडा होताना दिसला तरी लगेच सांगू नये. पाणसळ त्यांच्या हाती द्यावी. मात्र तो पडेल असा होत असेल तर तिथेच थांबवावे.

मागे राहणारी वही

क्यूबसॅटची कल्पना निघाली ती विद्यार्थ्याच्या पदवीच्या काळात काम पुरे व्हावे म्हणून, हे वर सांगितले. प्रत्यक्षात तसे नेहमीच घडले नाही. मुंबईत 'प्रथम'चे काम २००७ साली सुरू झाले आणि तो २०१६ साली उडाला. 'स्वयम्'लाही सुमारे आठ वर्षे लागली. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्यांनी पहिली रेघ मारली ते उड्डाणापर्यंत नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात होते. एवढ्या अवधीत विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलूनही काम टिकले, याचा अर्थ एकाने केलेले दुसऱ्याला कळेल अशा रीतीने लिहून ठेवलेले असणार.

शाळेत तर हा काळ आणखी तोकडा. नववीचा गट पुढच्या जूनमध्ये दहावीत जातो आणि त्याच्याकडे प्रकल्पाला वेळ उरत नाही. म्हणून वहीत प्रत्येक निर्णयाबरोबर तारीख आणि कारण लिहावे. 'ओटा ४५ सेंटिमीटर' एवढेच लिहिले तर पुढचा गट तो खर्चात बचत म्हणून ३० सेंटिमीटरचा करील. 'बादली खाली मावावी म्हणून ४५' असे लिहिले तर करणार नाही. जे करून पाहिले आणि साधले नाही, तेही लिहावे.

आणि मोजमाप चालू ठेवावे. सरळ बाजूंचे, सपाट बुडाचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये घ्यावी, आणि त्याच वेळी पिंपात किती लिटर भरले तेही. पिंप भरून वाहिले असेल तो दिवस हिशेबातून वगळावा. शंभरातले ऐंशी भाग हाती येतात, असे आपण आरंभी धरून चाललो होतो. तुमच्या छपराचा खरा आकडा सत्तर निघेल किंवा पंच्याऐंशी. वीस-पंचवीस दिवसांच्या नोंदी झाल्या की एका अक्षावर पाऊस आणि दुसऱ्यावर मिळालेले पाणी घेऊन आलेख काढा. रेषा शून्यातून न निघता थोडी पुढून निघाली, तर पहिले पाणी बाजूला काढणारे पिंप किती पाणी घेते ते तिच्यावरूनच वाचता येईल. या नोंदी घेण्याच्या कामावर जुलैपासूनच आठवीतील दोघांना बसवावे. पुढच्या जूनमध्ये वही त्यांच्याच हाती जायची आहे.